ललिताआत्ती धूर हुंगत नाही

आमच्या गडमुडशिंगीत एक अफवा आहे. ललिताआत्तीनं गाडीच्या नळकांड्याला नाक लावलं की गाडी किती पळाली, कुणी पळवली आणि काल ड्रायव्हर कुठं जेवला, एवढं सगळं ती सांगते म्हणे. पानपट्टीवर हे मी स्वतः ऐकलंय. सांगणारा नाक असं फेंदारत होता की नक्कल करावी तर अशी.

खरं म्हणजे माझ्या आत्तीला वासच येत नाही. लहानपणी तापात गेला, तो परत आला नाही. चुलीवर दूध करपलं तरी तिला दुसऱ्यानं सांगावं लागतं. नळकांड्याशी ती वाकते ती बोट घालून काजळी बघायला.

१९९२ साली आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात ती एकटीच मुलगी. पोरं म्हणायची, पावणं, शिवणाचा वर्ग तिकडं हाय. ठाऊक हाय की, तुमचंच नाव घालून आलोय तिथं, असं ही म्हणायची. मग बरीच वर्षं शाहूपुरीत गॅरेजात हात काळे केले, आणि आता पेट्रोल पंपाशेजारी तिचं स्वतःचं पीयूसी सेंटर आहे. जुनी डिझेल गाडी घ्यायला निघालेली माणसं रविवारी आधी आत्तीला गाठतात, नारळ नंतर घेतात.

कारण असं की, डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा असतो. त्यात धूर साफ करणारी जाळी. गाडी जोरात पळावी म्हणून काही लोक ती जाळी काढून टाकतात आणि रिकामा डबा वेल्डिंग करून परत बसवतात. वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी. आत्ती मात्र गाडीखाली उताणी शिरते, वेल्डिंगवर नवा काळा रंग फासलाय का बघते, मग पान्यानं डब्यावर हळूच ठोकते. जाळी असली तर ‘बद्द’. नसली तर ‘टण्ण’.

२००९ साली माझ्या भावाचं, प्रसेनजीतचं, लग्न आजऱ्याच्या प्रीतीशी ठरलं. तिचे वडील बाबासो त्यांची वापरलेली डिझेल गाडी त्याला विकणार होते. नोकरी सोडून प्रसेनजीत ती भाड्यानं चालवणार होता. मागच्या काचेसाठी रेडियममध्ये ‘प्रीती’ असं नावही त्यानं कापून आणलं होतं. गाडी बघायला आम्ही सगळे निघालो. आईनं वाटभर आत्तीला बजावलं, पावण्यांच्या दारात तोंड उघडू नका, ठरलेलं लग्न मोडंल. प्रसेनजीतनं तर हात जोडायचेच बाकी ठेवले होते.

मी आत्तीच्या कानात म्हटलं, आज तू गप्प बसणार. ती म्हणाली, लाव पैज. हरेल तिनं पुढची गाडी खालून बघायची, असं ठरलं. मी नवा पिवळा ड्रेस घालून बसले होते, इतकी मला खात्री होती.

आजऱ्यात जयभीम झाला, काजू झाले, चहा झाला. आत्तीनं ओढणी कमरेला बांधली आणि गाडीखाली गेली. आम्हाला नुसत्या तिच्या चपला दिसत होत्या. मग आवाज आला. टण्ण.

आईनं माझ्याकडं डोळे वटारले. माझी नकलांची खोड तिला ठाऊक; तिला वाटलं, मीच तोंडानं काढला.

आत्ती बाहेर आली, हात पुसले. “बाबासो, ह्यात जाळी न्हाय.”

प्रसेनजीतच्या हातातली रेडियमची गुंडाळी चुरगळली. बाबासोंचे कान लाल झाले. “पोरगी देतोय मी तुम्हाला. गाडीत फसवीन व्हय?”

“तुम्ही काढली असं कुठं म्हटलो मी? न्हाय, एवढंच म्हटलो.” (आमच्याकडं बायकाही ‘म्हटलो’च म्हणतात.) “उद्या गाडी धुराच्या तपासणीत अडकली तर ह्यो तुमच्या पोरीला बोलंल. त्यापरीस आज तुम्ही मला बोला.”

आणि तिनं पाना त्यांच्याच हातात दिला.

बाबासो वाकले. ठोकलं. टण्ण. परत ठोकलं. मग त्यांनी गाडी चालवणाऱ्या पुतण्याला हाक मारली. तो अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, चढाला गाडी दमत होती, काका, म्हणून गॅरेजवाल्याकडनं काढून घेतली. त्यावर बाबासोंनी त्याला जे सुनावलं, ते मी लग्न होईपर्यंत घरोघरी करून दाखवलं. इथं लिहिता येण्यासारखं नाही.

घाम पुसून त्यांनी सांगून टाकलं की नवी जाळी बसवूनच गाडी देतो, आणि लग्नाची तारीख तीच. आतून प्रीती आली आणि दुसऱ्या चहाचा पहिला कप तिनं आत्तीला दिला. प्रसेनजीत मांडीवर ठेवून रेडियमच्या चुण्या सरळ करत बसला.

आत्तीचा चहा संपेस्तोवर बाबासोंना धीर आला होता. “आलाय तर आमच्या मेव्हण्याची गाडीबी बघा की,” ते म्हणाले. “त्याचा मला पयल्यापासनं भरोसा न्हाय.”

आत्तीनं पाना उचलला आणि माझ्या हातात दिला. मी पिवळ्या ड्रेससकट मेव्हण्याच्या गाडीखाली सरपटले. वरून आवाज आला, “रंग नवा दिसतोय का जुना? बोल की.”