कामात दिसणारी ताई

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. वयाने मोठे असलेले दोघेसुद्धा म्हणत, आणि साहेब तर अडचणीत सापडले की जरा जास्तच गोडीने म्हणत. गोदामातल्या मालाचा हिशोब ठेवणारं एक जुनंपुराणं सॉफ्टवेअर होतं. कंपनीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा, आणि त्याच्या पोटात काय दडलंय हे ताईखेरीज कुणालाच धड ठाऊक नाही. ते रुसलं की ताईला बोलावणं जायचं. ताई बाह्या सरसावून बसायची आणि त्याला सुतासारखं सरळ करायची.

या नावाजलेल्या ताईचं एक गुपित होतं. तिला कोडचा कंटाळा आला होता, अगदी जांभया येण्याइतका.

तिचा जीव रमायचा तो टेबलाशेजारच्या जास्तीच्या खुर्चीत येऊन बसणाऱ्या माणसांत. टीममधला एक उंच, कोडवेडा पोरगा, ज्याला सगळे लांब्या म्हणत, एकदा राजीनामा खिशात घालूनच आला होता. ताईने त्याचं सगळं ऐकून घेतलं, ज्याच्याशी भांडला होता त्यालाही चहाला ओढून आणलं, आणि कप रिकामे होईतो दोघे हसत होते. त्या दिवशी ताई घरी गेली ती गुणगुणत.

पण हे सगळं चालू असताना समोरच्या पडद्यावर कोडची फाईल मात्र उघडी असायची. मागे कुणाची पावलं वाजली की ताई उगाच चार अक्षरं बडवायची आणि पावलं लांब गेली की पुसून टाकायची. करणार काय? ‘मीटिंगा भरवायच्या आणि खुर्च्या उबवायच्या, याला काय अक्कल लागते?’ हे वाक्य तिनेच वर्षानुवर्षं ऑफिसभर मिरवलं होतं.

अशात एका शुक्रवारी साहेबांनी बोलावलं.

“ताई, आता बढती. एक तर तज्ज्ञ व्हा. वेगळी केबिन, हाताखाली कुणी नाही, तुम्ही आणि तुमचा कोड. नाहीतर मॅनेजर होऊन ही सगळी टीम सांभाळा. पगार दोन्हीकडे सारखाच. सोमवारी सांगा. म्हणजे तुम्ही काय सांगणार ते मला ठाऊकच आहे म्हणा! केबिन झाडून घ्यायला सांगितलीय.”

ताई हसली खरी, पण परतताना केबिनच्या दारात थबकली. त्या केबिनमध्ये दुसरी खुर्ची मावणार नव्हती.

रविवारी ती आईकडे गेली. आईचं शिवणाचं दुकान होतं, आता बंद केलेलं. शाळेतून येताना मशिनीचा आवाज आधी कानावर यायचा आणि मग वाकलेली आई दिसायची. काम म्हणतात ते हे, असं ताईच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

“आई, मी कोड सोडला तर तुला वाईट वाटेल?”

“मला? तो खातात की पितात ते तरी मला कुठं माहितीये?”

“थट्टा नको गं. मला माणसं सांभाळायला आवडतं. पण मग मी नुसती बोलतच बसणार ना? तू जन्मभर मशिनीवर पाठ मोडलीस, आणि मी...”

आई खुदकन हसली.

“कुणी मोडली पाठ? दुकान चालायला लागलं तशी मी मशीन सोडलीच की. शिवायच्या त्या कामाला ठेवलेल्या तिघी. मी मापं घ्यायचे, गिऱ्हाइकांची समजूत काढायचे, तिघींची भांडणं सोडवायचे. धाकटीला कापायला शिकवलं, आज तिचं स्वतःचं दुकान आहे. मला त्यातच मजा यायची बाई.”

“अगं, पण मी यायचे तेव्हा तू रोज मशिनीवरच असायचीस!”

“तुझी शाळा सुटायची वेळ झाली की बसायचे. नुसती बोलत बसलेली आई तुला दिसायला नको, म्हणून. तुझी पावलं वाजली की एखादी चिंधी सुईखाली सारायची आणि पाय मारत सुटायचं. त्या तिघी तोंडात फडकं कोंबून हसायच्या.”

ताई आ वासून ऐकत होती. मग तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि आई नुसती विचारत राहिली, “अगं, झालं काय तुला?” किती दिवसांनी ताईच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्या रात्री ती गाढ झोपली.

सोमवारी तिने साहेबांना सांगून टाकलं, “केबिन दुसऱ्या कुणाला द्या. मला टीम हवी.”

साहेबांचा चेहरा पडला. “आणि ते सॉफ्टवेअर?”

“लांब्याला शिकवते. त्याला मनापासून आवडतं ते. मला आता नाही आवडत.”

बोलून झाल्यावर तिलाच नवल वाटलं, इतकं सोपं होतं!

दुपारी टीममध्ये आलेली नवी मुलगी चेहरा पाडून शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. बोलायला लागणार, तोच मागे साहेबांची पावलं वाजली. ताईची बोटं सवयीने कीबोर्डकडे गेली आणि मध्येच थांबली. तिने पडद्यावरची कोडची फाईल बंद केली, खुर्ची मुलीकडे वळवली आणि साहेबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हं, बोल. मी कामातच आहे.”