मुकटा नेसलेला चेंडू

मी मूळचा धारचा. दक्षिणेत जाऊन ड्रिलमास्तरकी शिकून आलो आणि देवासच्या एका पातीच्या शाळेत लागलो. गाव एक, पाती म्हणजे राज्यं दोन, म्हणून शाळाही दोन. येताना मी बास्केटबॉल नावाचा खेळ सोबत आणला होता, तेवढंच माझं वैभव. मैदानात दोन खांब रोवले, वर बूड कापलेल्या टोपल्या बांधल्या. पोरं त्याला टोपलीचेंडू म्हणू लागली. चेंडू पागेत खोगिरं शिवणाऱ्या जीनगराकडून शिवून घेतला. त्याचा मुलगा आमच्याच शाळेत होता. तो कुठूनही चेंडू फेको, टोपलीतच पडायचा.

नव्याचे नऊ दिवस बरे गेले. मग ब्राह्मणांघरची मुलं एकेक करून गळू लागली. फुटबॉलला कुणाची हरकत नव्हती, तो पायाने मारायचा. हा हाताने धरायचा, आणि कातड्याचा! घोडं पेंड खात होतं ते इथेच. खेळून आलेल्या मुलाला पौषातल्या थंडीत विहिरीवर डोक्यावरून न्हायला लावल्याशिवाय घरात घेत नसत. बिचारी कुडकुडत आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून सांगत. मी घरोघर जाऊन विनवण्या केल्या. प्रत्येक घरी पानसुपारी मिळाली, मुलगा मिळाला नाही. मुलांना पळायला शिकवून मी कधी दमलो नाही, पण या पायऱ्या चढउतार करून मेटाकुटीला आलो.

त्यात हेडमास्तरांनी बजावलं, "मास्तर, आपलं पाहून दुसऱ्या पातीच्या शाळेनेही टोपल्या बांधल्यात. वसंतपंचमीला त्यांच्याशी सामना लावा. तुमचा संघ उभा राहिला तर खांब राहतील, नाही तर काढून टाकतो. कवायतीला अडचण होते." ते खांब राहावेत एवढीच तेव्हा माझी इच्छा होती.

उपाय काढला बायकोने. "अहो, रेशमाला विटाळ आहे का? तुमचा तो फाटका मुकटा नेसवा की चेंडूला!" मी हसलो. तिने मात्र पूजेच्या वेळी नेसायचा माझा रेशमी मुकटा कापून चेंडूवर घट्ट शिवला. आयांनी एकमेकींना विचारलं, एका वृद्ध शास्त्र्यांनी मान डोलावली आणि गेलेली मुलं परत आली. मला चार दिवस शांत झोप लागली.

पण आगीतून उठून फुफाट्यात पडावं तसं झालं. कातड्याचा होता तोवर चेंडू सगळ्यांचा होता. आता तो सोवळ्यात गेला. पागेतल्या एका मराठ्याच्या पोराने तो झेलला मात्र, "ओवळ्यात धरला!" म्हणून ओरडा झाला. खेळ थांबवून चेंडू धुतला आणि काठीने दोरीवर टांगला. वाळेपर्यंत सूर्य मावळला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मराठ्यांची, घोडी राखणाऱ्या मोतद्दारांची पोरं आपणच यायची थांबली. जीनगराचा मुलगा तेवढा येऊन म्हणाला, "मास्टरसाब, या गेंद तो म्हारा बा ने सीवी हे." वसंतपंचमी होऊ दे मग बघू, एवढंच म्हणालो.

वसंतपंचमीला मानकरी, कारकून मंडळी पिवळे फेटे बांधून जमली. दुसऱ्या पातीचा संघ आला. त्यात सगळ्या जातींची मुलं होती. त्यांच्या मास्तराने चेंडू पाहिला आणि म्हणाला, "काय भिया, चेंडूची मुंज लावली का?" सगळे हसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा खेळच मुळी समोरच्याच्या हातातून चेंडू काढून घेण्याचा! समोरच्याने पहिल्यांदा हात लावला की आमचं सोवळं संपणार होतं. शास्त्री, आया, मी, कुणालाही हे सुचलं नव्हतं. इतक्या शहाण्या माणसांनी मिळून केलेला असा मूर्खपणा मी पुन्हा पाहिला नाही.

मला खरोखर वीट आला. चाकू मागवला आणि सगळ्यांसमोर मुकट्याची शिवण उसवून टाकली. खालून कातडं निघालं. बसलेल्या मंडळींतून एकेकाने आपल्या मुलाला हाक मारली आणि माझा संघ बापांच्या मागे निमूट घरी गेला. सामना झाला नाही. चेंडू तिथेच टाकून मीही घरी आलो. बायकोने ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हेडमास्तरांनी खांब काढून टाकले. संध्याकाळी मी त्यांचे खड्डे बुजवायला गेलो, म्हणजे कवायतीत कुणाचा पाय मुरगळू नये. माती लोटत होतो तोच मागून गलका ऐकू आला. पाहतो तर जीनगराचा मुलगा चेंडू काखेत घेऊन पुढे, मागे मोतद्दारांची पोरं, आणि त्यांच्यात काल बापामागे गेलेले दोघं ब्राह्मणांचे. पौषभर मी दारोदार फिरलो तेव्हा जे जमलं नाही, ते आज कुणी न बोलावता समोर उभं होतं.

"घरी काय सांगाल?" मी त्या दोघांना विचारलं.

"न्हाऊ विहिरीवर," त्यातला एक म्हणाला. "थंडी कमी झालीच की आता."

जीनगराच्या मुलाने वर पाहिलं, मग माझ्या फावड्याकडे. "मास्टरसाब, टोकरी कठे गई?"

मला रडू येत होतं आणि पोरांसमोर ते शोभलं नसतं. वर्गातून स्टूल आणायला लावलं. त्यावर चढलो, डोक्यावर दोन्ही हात गोल धरले आणि म्हणालो, "टाका."

पहिला चेंडू नाकावर बसला. अंधार पडेपर्यंत माझ्या हातांत गोळे आले, पण पोरं घरी जायचं नाव घेईनात, म्हणून मीही हात खाली केले नाहीत.