सात दिवसांच्या मुदतीचा चेंडू

पराभवाला जावयासारखा मान देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या छोट्या कॉलेजचे ग्रंथपाल. पराभव दारात आला की ते त्याला पाट मांडायचे, त्याची यथास्थित विचारपूस करायचे आणि कॉलेजच्या वार्षिक अंकात त्याच्यावर दोन पानं लिहून त्याची पाठवणी करायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे मराठी शिकवत होतो आणि वार्षिक अंकाचं संपादन माझ्या गळ्यात होतं. त्यामुळे 'बास्केटबॉल : हंगामाचा आढावा व पुढील वर्षाचा अंदाज' हा ग्रंथपालांचा लेख दरवर्षी पहिल्यांदा माझ्या हाती पडायचा. संघ चाळीस गुणांनी हरला असेल तर ते लिहायचे, 'या सामन्यात आपला संघ उपविजेता ठरला.' सामना दोनच संघांत होता हे ते नाकारत नसत, फक्त लिहीत नसत. एकदा अवकाळी पावसाने सामना सुरू होण्याआधीच रद्द झाला, तेव्हा त्यांनी 'प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही' अशी नोंद केली. पुढच्या वर्षाचा अंदाज ते आंब्याच्या भाषेत द्यायचे. 'मोहोर उत्तम आहे. तुडतुड्याची कीड दिसत नाही. फळ किती धरेल हे आताच सांगणे घाईचे होईल.' सात वर्षं मोहोर उत्तम होता आणि सात वर्षं फळ धरलं नव्हतं. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

ग्रंथपाल बास्केटबॉलचे प्रशिक्षक कसे झाले, याचं उत्तर सरळ आहे. कॉलेजात त्या खेळाचं एकच पुस्तक होतं आणि ते त्यांच्या कपाटात होतं. ज्याच्याकडे पुस्तक त्याच्याकडे खेळ, असा प्राचार्यांनी निकाल दिला. ग्रंथपालांनी स्वतः चेंडू कधी हातात धरला नव्हता, पण पुस्तक त्यांनी पाठ केलं. अडचण एवढीच, की कोकणातल्या दमट हवेत त्या पुस्तकाचा शेवटचा भाग वाळवीने खाल्ला होता आणि बचावाचं प्रकरण नेमकं त्या भागात होतं. त्यामुळे आमच्या पोरांना चेंडू टाकायचा कसा ते माहीत होतं; समोरचा चेंडू घेऊन आला तर काय करायचं, ते नव्हतं. एका खेळाडूने तसं विचारलंही. ग्रंथपालांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "ते नवी प्रत आली की बघू."

वाचनालयातली शिस्त त्यांनी जशीच्या तशी मैदानावर आणली. सराव चालू असताना कुणी मोठ्याने बोललं की ते ओठांवर बोट ठेवायचे. आमचा संघ इतका गुपचूप खेळायचा की राजापूरच्या एका पाहुण्या खेळाडूने मला हळूच विचारलं होतं, तुमच्याकडे कुणी गेलंय का. चेंडूवर कॉलेजचा शिक्का होता, दाखल क्रमांक होता, आणि तो हवा असेल तर वाचनालयाच्या कार्डावर सही करून न्यावा लागे. मुदत सात दिवस. मुदत टळली की ग्रंथपालांचं स्मरणपत्र यायचं, आणि त्यांच्या स्मरणपत्रातून कुणीही सुटलेलं नव्हतं. प्राचार्यांना शब्दकोशासाठी तीन गेली होती. पाय मोडून इस्पितळात पडलेल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना त्यांनी मोसंबी नेली आणि मोसंब्यांखाली पिशवीत नकाशासंग्रहाचं स्मरणपत्र ठेवलं. आमच्या हेडक्लार्कांच्या लग्नात आहेराबरोबर पाकिटात काय होतं, हे सांगायला नको.

वादाचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. लांज्याकडे त्यांचं गाव होतं आणि तिथे गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाच्या, हातभर जागेवरून त्यांच्या आजोबांनी चुलत भावावर लावलेली केस अजून चालू होती. तारखेला दोन्ही घरं एकाच एसटीने जायची आणि एकमेकांशी न बोलता परत यायची. म्हणून त्यांचा पोरांना पहिला धडा असा होता, की पंच म्हणतील ते खरं आणि कागदावर लिहिलंय ते त्याहून खरं. "घरची एक केस पुरे आहे," ते म्हणायचे. "ही दुसरी नको." तरीही मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सामन्याला येताना ते सदऱ्याच्या डाव्या खिशात वाळलेल्या काजूच्या बिया भरून आणायचे आणि आपल्या संघाने एक गोल केला की एक बी उजव्या खिशात टाकायचे. सामना संपेपर्यंत उजवा खिसा सहसा सपाटच असायचा.

आता जाळ्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. आमचं मैदान म्हणजे जांभ्याचा कातळ. त्यावर चेंडू आपटला की तो कुठे जाईल ते चेंडूलाही माहीत नसे. दोन खांब होते, लोहाराने करून दिलेल्या दोन कड्या होत्या, पण कड्यांना जाळी नव्हती. संघातला सगळ्यात उंच खेळाडू इस्माईल पूर्णगडचा. त्याचे आजोबा खाडीकाठी बसून जाळी विणायचे. ग्रंथपालांनी त्यांना माप पाठवलं. आठ दिवसांत दोन सुरेख जाळी आली, रेखीव गाठींची, भक्कम, आणि दोन्हींची तळं शिवलेली. बुडाला भोक हवं होतं म्हणून ग्रंथपाल स्वतः पूर्णगडला गेले. म्हातारबुवांनी त्यांना चहा पाजला आणि नम्रपणे सांगितलं, "बुडाला भोक ठेवून जालं विणलं तर गाव काय म्हणंल मना? धरलेलं सोडायला कुणी जालं विणतो काय?" यावर वाद घालणं ग्रंथपालांच्या स्वभावात नव्हतं. जाळी तशीच लागली.

त्यामुळे आमच्याकडे गोल झाला की चेंडू जाळ्यात बसून राहायचा. मग राखीव खेळाडू घळ घेऊन यायचा. घळ म्हणजे आंबे उतरवायची, टोकाला जाळीची झोळी असलेली लांब काठी. ती खालून लावून तो चेंडू वर ढकलायचा, झोळीत घ्यायचा आणि हापूस उतरवावा तसा अलगद खाली आणायचा. तोवर दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून दम खायचे. गुणलेखक मीच होतो, कारण माझं अक्षर चांगलं होतं. माझीही सवय पक्की झाली होती : घळ आली, चेंडू उतरला, की दोन गुण लिहायचे. ग्रंथपालांना ही पद्धत फारच पसंत होती. "बचावाचं प्रकरण नाही, पण विश्रांतीचं आहे," असं ते म्हणायचे. विश्रांतीचे परिणाम खेडला दिसले. तिथल्या जाळ्यांना रीतसर भोक होतं. आमच्या पोरांनी पहिला गोल केला आणि सवयीने सगळे घळीची वाट बघत उभे राहिले. तेवढ्यात खेडच्या पोरांनी खाली पडलेला चेंडू उचलून पलीकडे दोन गोल केले. आढाव्यात ग्रंथपालांनी लिहिलं, 'आपल्या खेळाडूंचा संयम वाखाणण्यासारखा होता.'

त्या हंगामात पाच सामने होते. चार हरून झाल्यावर प्राचार्यांनी ग्रंथपालांना बोलावून सांगितलं, की स्टाफच्या गाड्यांना सावली नाही, मैदानाला उपयोग नाही, तेव्हा शेवटचा घरचा सामना जिंकलात तर संघ राहील, नाहीतर तिथे पत्र्याचा स्टँड होईल. ग्रंथपाल उठले. वाचनालयात आले, खाल्लेलं पुस्तक उघडलं आणि उरलेली पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले. सरावाला ते पंधरा दिवस सलग उभे राहिले आणि एकदाही ओठांवर बोट ठेवलं नाही. मी त्या वर्षी कायम व्हायचा होतो, माझा कागद प्राचार्यांच्या टेबलावर होता, आणि महिन्याभरापूर्वी मी स्कूटर घेतली होती. हे तिन्ही एका वाक्यात सांगायला मला चाळीस वर्षं लागली.

शेवटचा सामना पुन्हा खेडशीच. त्यांचा गुणलेखक घाटातल्या वळणांनी इतका हैराण झाला होता की तो फणसाखाली आडवा झाला आणि दोन्ही संघांचा एकच कागद माझ्याकडे राहिला. चेंडूही त्या दिवशी मीच माझ्या कार्डावर सही करून आणला होता. बाहेरून आलेल्या पंचांनी जाळं पाहिलं आणि ब्लेड मागून दोन्हींची तळं कापून टाकली. इस्माईल जवळ येऊन म्हणाला, "सर, आज्याला सांगू नका." सामना सुरू झाला आणि आमची पोरं खेळली. खरोखर खेळली. खेडला फजिती झाली होती ना, म्हणून या वेळी चेंडू पडला की पळायचं, हे त्यांनी घोटून ठेवलं होतं. ते शिकले होते. मी शिकलो नव्हतो.

उत्तरार्धात इस्माईलने खूप लांबून चेंडू टाकला. तो कडीला न लागता कापलेल्या जाळ्यातून सुळकन खाली आला. आणि मी, पेन वर धरून, घळीची वाट बघत बसलो. घळ कुठून येणार? ती तर भिंतीला टेकून ठेवलेली होती. तेवढ्यात खेडच्या संघाने पलीकडे गोल केला, लोक ओरडले, मी तो लिहिला. आमचे दोन राहिले की काय, अशी एक शंका मनात आली. पण प्राचार्य माझ्या पाठीशी उभे राहून, कागदावर एकही खाडाखोड नाही, असं शेजारच्यांना कौतुकाने सांगत होते. मी शंका गिळली.

शिट्टी झाली तेव्हा माझ्या कागदावर खेड एकतीस आणि आम्ही तीस होतो. फाउलनंतरच्या एका गुणाच्या मोफत फेकीवर आमच्या पोरांनी कधी गुण मिळवला नव्हता, त्या दिवशीही नाही. त्यामुळे तीस गुण म्हणजे सरळ पंधरा गोल. ग्रंथपाल माझ्या टेबलापाशी आले. उजव्या खिशातल्या बिया काढून त्यांनी कागदाशेजारी पाच-पाचच्या ओळी लावल्या. तीन ओळी झाल्या आणि एक बी उरली. ते त्या एका बीकडे बघत राहिले, आणि मीही. तेवढ्यात इस्माईल घाम पुसत आला.

"सर, माझा तो लांबचा धरलात ना?"

प्राचार्य तिथेच होते. मी म्हणालो, "सगळं लिहिलंय."

इस्माईलने ग्रंथपालांकडे पाहिलं. ग्रंथपालांनी बिया ओंजळीत गोळा केल्या आणि खिशात टाकल्या.

"लिहिलंय म्हणतायत ना ते?" ते शांतपणे म्हणाले. "मग झालं."

आणि त्यांनी कागदावर सही केली.

त्या वर्षीचा आढावा एकाच पानाचा आला. 'एका गुणाने उपविजेते' असं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती : 'गुणलेखन नेहमीप्रमाणे चोख झाले, त्याबद्दल प्राध्यापकांचे आभार.' पुढच्या वर्षाचा अंदाज नव्हता. ती ओळ मी काढली असती तर कारण सांगावं लागलं असतं. मी ती माझ्या हाताने छापखान्यात पाठवली. उन्हाळ्यात पत्र्याचा स्टँड झाला. खांब काढायला खर्च येतो म्हणून एक कडी तशीच राहिली, आणि निवृत्त होईपर्यंत माझी स्कूटर त्या कडीखाली सावलीत उभी राहिली.

चेंडू माझ्याकडेच राहिला होता. सात दिवस झाले, महिना झाला. वाचनालयाच्या खिडकीत चेंडू घेऊन उभं राहायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून मी तिकडे जाणंच सोडलं. पुस्तकं विकत घेऊ लागलो. स्टाफरूममध्ये ग्रंथपाल भेटायचे, मोहोराची चौकशी करायचे. स्मरणपत्राची मी रोज वाट पाहिली. नवरदेवाला ज्याने सोडलं नाही तो माणूस मला का सोडतो, हे मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच मी विचारलं नाही.

ग्रंथपाल गेल्या पावसाळ्यात गेले. दिवाळीनंतर मी चेंडू पिशवीत घातला आणि कॉलेजात गेलो. वाचनालयात आता एक तरुण बाई असतात आणि सगळं संगणकावर आहे. बास्केटबॉल म्हटल्यावर त्या हसल्या, पण शिक्क्यावरचा क्रमांक पाहून त्यांनी माळ्यावरचं जुनं दाखल रजिस्टर उतरवलं. त्यात चेंडू सापडला, एका इंग्रजी व्याकरणाच्या आणि एका पाकशास्त्राच्या मध्ये. पुढे माझं नाव, सामन्याची तारीख, आणि शेऱ्याच्या रकान्यात ग्रंथपालांचं बारीक अक्षर : 'जिंकलेल्या सामन्याचा चेंडू. प्राध्यापकांकडेच असू द्यावा. स्मरणपत्र पाठवू नये.'

बाईंनी विचारलं, परत घ्यायचा का, काका? मी म्हणालो, तिथे नको लिहिलंय.

इस्माईल मस्कतहून परत येऊन पूर्णगडलाच राहतो असं ऐकतो. त्याला या लेखाची प्रत पाठवणार आहे. तेव्हा राहिलेला आढावा असा : सामने पाच, पराभव चार, विजय एक. बत्तीस विरुद्ध एकतीस. निर्णायक गोल इस्माईलचा, लांबून. गुणलेखन सदोष होते. पुढील हंगामाचा अंदाज लिहायला मी अधिकारी नाही. पण काल कॉलेजवरून आलो तेव्हा स्टँडमागच्या आंब्याच्या कलमाकडे पाहिलं. मोहोर उत्तम आहे.