धारेचा पेला

वाटूरचे लोक मच्छिंद्रला दूधडॉक्टर म्हणायचे, पण कौतुकानं नव्हे. गुरांचा डॉक्टर झालेला पोरगा संशोधनाच्या नावाखाली शेळ्यांचं रक्त काढत गावोगाव हिंडतो आणि भेटेल त्याला एकच पुराण लावतो, याची लोकांना गंमत वाटायची. पुराण असं, की शेळी ज्या रोगानं गाभ टाकते तो कच्च्या दुधातून माणसालाही होतो. ताप येतो, जातो, परत येतो, आणि कंबर कायमची धरते. म्हणून दूध उकळूनच प्या. लोक हसले की हा पठ्ठ्या चिडायचा. एकदा भर पारावर त्यानं रामरावांसारख्या वडीलधाऱ्या माणसाला अडाणी म्हटलं होतं. नाकानं कांदे सोलायची सवयच होती त्याला.

चौऱ्याण्णव साली त्याला परदेशातली फेलोशिप लागली. गरीब मुलखातल्या तरुण संशोधकांना असल्या रोगांचं वर्षभर शिक्षण द्यायचं आणि परतल्यावर त्यांना आपापल्या भागात प्रयोगशाळा उभी करून द्यायची, अशी ती योजना. वयाच्या अटीत तो जेमतेम बसला होता. पुढच्या साली अर्जसुद्धा करता आला नसता. या एका गोष्टीसाठी त्यानं लग्न लांबवलं होतं, नोकरी सोडली होती. आता जालन्यात आपली प्रयोगशाळा होणार, मग हसा म्हणावं काय हसायचं ते.

निघायच्या दिवशी त्याची माय साळूबाई पेला घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. नवऱ्यामागं चार शेळ्यांवर तिनं हा पोरगा शिकवला होता. या घरातून लांब जाणाऱ्यानं उंबऱ्यात उभं राहून धारेचं, फेसाळ, कोमट दूध प्यायचं, अशी रीत होती. बाप ऊसतोडीला जाताना प्यायचा, बहीण सासरी जाताना प्याली. उकळलेलं चालत नसे. पेला नाकारला म्हणजे परत येणार नाही असं सांगितल्यासारखंच.

मच्छिंद्रनं गावोगाव विचारायचा तो सवाल मायलाही विचारला. "माय, कोण्या शेळीनं गाभ तर टाकला न्हाई ना?"

"न्हाई रे बाबा. पे बिनघोर."

टाकला होता. चारच दिवसांमागं काळ्या शेळीनं मेलेलं करडू टाकलं होतं, आणि कासेत उतरलेलं तिचंच दूध पेल्यात होतं. पण दूरदेशी निघालेल्या माणसापुढं मेल्याचं नाव काढत नाहीत. तसला अपशकुन कोणती माय करील? तिनं करडू गुपचूप पुरलं होतं. आणि सगळ्या तालुक्याला अक्कल शिकवणारा हा शहाणा, मायचं तोंड पडू नये म्हणून एका दमात पेला रिकामा करून जीपमध्ये बसला.

परदेशात महिन्याभरातच ताप आला. गेला, परत आला. मच्छिंद्रला पहिल्या घामालाच कळलं होतं, तरी थंडी बाधली म्हणत तो लपवत राहिला. शेवटी वर्गातच कोसळला. त्याचं रक्त तपासलं तर त्यात तोच जंतू वाढला, तोही जोमानं. गुरुजी भलतेच खूश झाले. इतका सुरेख नमुना फार वर्षांत मिळाला नव्हता म्हणे. त्यांनी त्याच्या बाटल्या भरल्या, वर 'जालना' लिहिलं आणि बाकीच्या पोरांना शिकायला वाटून दिल्या. आजारी माणसाला मात्र प्रयोगशाळेत पाय ठेवायची मनाई होती. त्याची जागा दुसऱ्याला गेली. तो दवाखान्याच्या खाटेवरून गोळ्या घेऊन परत आला, काठी टेकत.

गाव आता हसत नव्हतं, कीव करत होतं, आणि ते त्याला जास्त झोंबायचं. साळूबाईनं खापर फोडलं जाऊबाईवर. पोरगा निघताना पुष्पाबाईनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं, तिचीच नजर लागली, म्हणत ती रोज उठून बोटं मोडायची. जावा-जावांचं जन्माचं बोलणं तुटलं. मच्छिंद्र ऐकून घ्यायचा. मायच्या पदरात हे टाकू नये, एवढी माया अजून उरली होती.

एके सकाळी अंगात ताकद यावी म्हणून ती पुन्हा तोच पेला घेऊन आली. फेस अजून बसला नव्हता. तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. पेला भिरकावून तो म्हणाला, "पुष्पाकाकूला कशाला शिव्या देऊन राह्यली? तू मारलं मला. तुझ्या दुधानं."

साळूबाई खाली बसली. करडू टाकल्याचं तिनं कबूल केलं. पदरानं सांडलेलं दूध पुसलं. मग वर बघून, वाद घालायला नव्हे, खरंच कळेना म्हणून तिनं विचारलं, "मंग मला काहून न्हाई झालं रे? मी तर रोजच पेते."

एवढं बोलून ती उठायला लागली. एक हात भिंतीला, एक कमरेला. चार-पाच वर्षं ती अशीच उठत होती. रातचा घाम येतो म्हणायची, अंग मोडून येतं म्हणायची. त्यावर मच्छिंद्रनं, वय झालं माय, म्हणत तिला जालन्याहून मलमाच्या डब्या आणून दिल्या होत्या. आख्ख्या तालुक्यातल्या शेळ्यांचं रक्त त्यानं तपासलं होतं. मायला सुई टोचायचं त्याच्या कधी मनात आलं नाही.