कॅमेऱ्यासमोर आईचा होकार

"'व्हय' नाही, मावशी. 'हो' म्हणा. स्वच्छ. हे रेकॉर्डिंग वर पाठवावं लागतं."

आईनं पदर सारखा केला. समोर स्टँडवर कॅमेरा, पाठीमागं पांढरी भिंत. पोलीस ठाण्यात फोटोला बसवावं तशी बसवली होती तिला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण कॅमेऱ्यामागं उभा होता. सगळे त्याला कोऑर्डिनेटर म्हणत.

"परत घेऊ. तुम्हाला सगळी माहिती तुमच्या भाषेत सांगितली. समजली?"

"व्ह... हो साहेब."

"साहेब नको. नुसतं हो."

"हो."

"काही प्रश्न आहेत?"

आईनं दाराकडं, माझ्याकडं बघितलं.

"तिकडं नका बघू. ताई, तुम्ही बाहेर थांबा ना. तुमच्यामुळं त्या गडबडतात."

मी म्हणाले, "पण माहिती सांगितली कधी? आत्ताच तर आलोय आम्ही."

टेबलाशी बसलेल्या डॉक्टरांनी फोनमधून मान वर केली नाही. म्हणाले, "ही कोण? वकील? सगळं फुकटात मिळतंय, वर प्रश्न!"

कोऑर्डिनेटर हसला. आणि माझी आई, तीसुद्धा हसली. मालकाच्या जोकवर नोकर हसतो तसं. ते हसू मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी बाहेर गेले. दार लोटलं गेलं. आतून आईचा आवाज येत राहिला. हो. हो. हो. तिचा उच्चार त्यांनी सुधारून घेतला. तिला माहिती द्यायचं तेवढं राहून गेलं.

हे हॉस्पिटल पिंपरी-चिंचवडमधलं. नाव लिहीत नाही, कारण एका नावावर बोट ठेवलं की बाकीचे सुटतात.

आमचं घर चाकणजवळच्या गावात. मी गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर. आई दुसऱ्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. तीही कॉन्ट्रॅक्टवरच. तिला संधिवात. वयाचा नाही, दुसरा, ज्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. सकाळी तिची बोटं उघडायची नाहीत. कोमट पाण्यात हात बुडवून बसायची, मग कुठं लाटणं धरता यायचं. लाटणं धरता आलं नाही तर कॅन्टीनला तिची गरज नव्हती. आमच्या घरात सगळं त्या दहा बोटांवर येऊन थांबलं होतं.

कंपनीच्या गेटबाहेर आरोग्य शिबिराचा तंबू लागला. रक्त घेतलं, बोटं दाबून बघितली. काही दिवसांनी फोन आला, "मावशी, तुमची निवड झाली."

आता बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. आमच्या पट्ट्यात 'सिलेक्शन झालं' म्हणजे देव पावला. पोरगं आयटीआय करतं, कंपनीच्या दारात उन्हात उभं राहतं, सिलेक्शन झालं की आई नारळ फोडते. माझ्या आईच्या आयुष्यात तिची कुणी निवड केली नव्हती. तिनं पेढे आणले. कॅन्टीनमध्ये वाटले.

"मावशी, आमचं कधी होणार सिलेक्शन?" बायका चिडवायला लागल्या.

"आधी बोटं वाकडी करा की!" आई म्हणाली.

उरलेले पेढे तिनं हॉस्पिटलात नेले. कोऑर्डिनेटरनं डबा बघितला आणि नर्सला म्हणाला, "बघा, मावशींना जॉब लागला." तरी पेढा घेतला त्यानं. हाताला लागलेली साखर झाडली आणि कॅमेरा लावला.

तुम्ही विचाराल, तुम्ही दोघी बोलला का नाहीत? विचारा. बाहेरचे सगळे हेच विचारतात.

कंपनीत शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मीटिंग असते. रांगेत उभं करतात. सुपरवायझर काहीतरी वाचतो, मागच्या रांगेला ऐकूही जात नाही. शेवटी ओरडतो, "समजलं का?" आणि आपण ओरडायचं, "हो सर!" एकदा माझ्या शेजारची पोरगी म्हणाली, "सर, ते नवीन मशीनचं परत सांगता का?" सुपरवायझर कॉन्ट्रॅक्टरकडं वळला, "हिला समजत नाही. बदलून दे." दुसऱ्या दिवशी ती गेटच्या आत आली नाही. कॅन्टीनमध्येही तीच तऱ्हा. आई वर्षानुवर्षं असा होकार देत आलेली. 'समजलं का' ऐकलं की तिच्या तोंडून होकार निघतो, ठेच लागल्यावर 'आई गं' निघतं तसा. तो होकार त्यांनी कॅमेऱ्यात धरला आणि त्याला संमती म्हणाले.

इंजेक्शनं सुरू झाली. आधीच्या गोळ्या बंद करायला लावल्या. का, ते सांगितलं नाही. बोटं आधीपेक्षा जास्त सुजायला लागली. आई म्हणायची, "मोटं औषध हाय, येळ लागंल." मग ताप आला. खोकला. मी कोऑर्डिनेटरला फोन केला.

"पुढची व्हिजिट सोमवारी आहे ना? तेव्हा आणा."

"श्वास लागतोय तिला."

"ताई, मी मीटिंगमध्ये आहे."

शेजारच्या रिक्षात घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी छाती तपासली. फुप्फुसात जंतुसंसर्ग. त्यांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?"

मी म्हणाले, "इंजेक्शन. संधिवाताचं."

"नाव?"

मला नाव माहीत नव्हतं. माझ्या आईच्या दंडात काय जातं, ते मला माहीत नव्हतं. मी वायर बघून सांगते कुठल्या गाडीला जाणार, आणि इथं आईच्या सुईचं नाव सांगता येईना.

मी बाकीचं सांगितलं. कॅमेरा, निवड, सोमवारची व्हिजिट. मग आईच्या कॉटवर बसून त्यांनी जे सांगितलं, ते हॉस्पिटलनं पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तसंच इथं लिहिते.

ही औषधाची चाचणी आहे. नवं औषध चालतं का, त्यानं अपाय होतो का, हे अजून कुणालाच पक्कं ठाऊक नसतं, म्हणून चाचणी. माणसांचे गट करतात. एका गटाला नवं औषध. दुसऱ्याला जुनं, किंवा औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि बऱ्याचदा टोचणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसतं. अशा औषधांनी अंगाची प्रतिकारशक्ती कमी होऊ शकते, म्हणून ताप आला तर लगेच बघावं लागतं. सोमवारची वाट बघायची नसते.

"म्हणजे हा इलाज न्हाई?" आईनं विचारलं.

"इलाज होईलही. पण ते शोधायला तुमची मदत घेतायत, मावशी. मदत करायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. कधीही नाही म्हणता येतं, मधूनसुद्धा. आणि नाही म्हटलं म्हणून नेहमीचे उपचार कुणी बंद करू शकत नाही. चाचणीमुळं काही झालं तर ते बरं करायची जबाबदारी त्यांची."

पुढं त्या म्हणाल्या, "चाचण्यांवर राग धरू नका. आज मी देतेय ती गोळीही कुणीतरी आधी अंगावर घेतली होती."

मी चाचण्यांवर राग धरत नाही. मला एवढंच कळत नाही की ते आधी अंगावर घेणारे नेहमी गेटबाहेरच्या तंबूतच का सापडतात. कंपनीच्या साहेबांच्या बायकांचे सांधे दुखत नाहीत का? दुखतात. पण त्या प्रश्न विचारतात. चार दिवस विचार करतात. दुसऱ्या डॉक्टरला दाखवतात. आमच्याकडं फार वेळ घालवावा लागत नाही.

आई बरी झाली. आम्ही परत त्या हॉस्पिटलात गेलो. दुसरं जायचं कुठं? जुन्या गोळ्या त्यांनीच बंद केलेल्या, रिपोर्ट सगळे त्यांच्याकडं, आणि सुजलेली बोटं आमच्याकडं. कोऑर्डिनेटर तोंड भरून हसला. "मावशी, काही नवीन माहिती आलीय. परत एकदा रेकॉर्डिंग करू. पाच मिनिटं."

तीच खोली. तोच स्टँड. तो म्हणाला, "ताई, बाहेर."

"नाही," मी म्हणाले.

"नियम आहे."

"कुठला? दाखवा."

डॉक्टरांनी या वेळी मान वर केली. "हे बघ, मधेच सोडलंत तर पुढं आम्ही केस बघणार नाही. आईचे हात तू दुरुस्त करणार आहेस का?"

इथं मी एक पाऊल दाराकडं सरकले, हे लिहायला हवं. कारण ते खरं होतं. मला हात दुरुस्त करता येत नव्हते. मी जिंकले तरी आईची बोटं उघडणार नव्हती. डॉक्टरांना ते माहीत होतं, म्हणून तर ते इतक्या शांतपणे बोलत होते.

मी कॅमेऱ्याच्या समोर गेले. आईच्या खुर्चीशेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "चालू आहे ना? मग हे पण वर जाऊ दे. माझ्या आईला पहिल्या वेळी काहीही समजावलेलं नाही. ताप आला तेव्हा सोमवारी या म्हणाले. आता सोडलंत तर बघणार नाही म्हणतायत. आधी सगळं सांगा. तिला समजेपर्यंत सांगा. नाहीतर सुई लावायची नाही."

"बंद कर रे ते," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात आई बोलली. हळू. "साहेब, मला औषध टोचता का नुसतं पानी?"

"ते आम्हालाही माहीत नसतं, मावशी. चाचणीची पद्धतच तशी आहे."

"ह्ये आधी का न्हाई सांगितलं?"

डॉक्टरांनी टेबलावरचा फोन उचलला.

"सांगितलं असतं तर कदाचित मी व्हय म्हणले बी असते," आई म्हणाली. "आता न्हाई म्हणते."

ती उठली. खुर्चीच्या हातावर पंजा टेकवता येईना, म्हणून कोपर टेकवून उठली. आम्ही बाहेर पडलो.

इथं गोष्ट संपवली असती तर छान दिसली असती. पण मी गोष्ट लिहीत नाहीये.

त्याच हॉस्पिटलच्या साध्या ओपीडीत गेलो तर 'आज नंबर संपले'. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. चाचण्यांवर नजर ठेवायला त्यांच्याच इमारतीत नीतिसमिती असते, तिला मी तक्रार दिली. पोच मिळाली, उत्तर नाही. जुन्या गोळ्या आता सरकारी दवाखान्यातून आणतो. त्या कधी असतात, कधी नसतात. आईला चपात्यांवरून काढलं, भांड्यांवर टाकलं. दिवसभर थंड पाण्यात हात. आणि घरी आली की ती मला म्हणते, "तू मला तिथनं काढलंस. आता दे की माज्या बोटांत बळ."

ती चुकीचं बोलत नाही. मीही चुकीचं केलं नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच खोलीत झोपतात.

मी आता कामगार संघटनेची पत्रकं लिहिते. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीच्या गेटवर तंबू लागला. पहिली शिफ्ट सुटताना मी तंबूच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं. इलाज आहे की चाचणी, विचारा. औषधाचं नाव विचारा. रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, विचारा. संमतीचा कागद घरी न्या, लगेच अंगठा देऊ नका. सिक्युरिटीवाल्यानं मला दंडाला धरून रस्त्यापलीकडं नेलं. कुणीतरी काढलेला माझा फोटो माझ्या कॉन्ट्रॅक्टरपर्यंत पोचला. तो म्हणाला, "एकतर लाइनवर राहा, नाहीतर तंबूपाशी."

मी त्याला सांगितलं, तंबूपाशी.

उद्या माझं कंपनीचं गेटकार्ड बंद करतील. करू देत. नवं औषध आमच्या अंगावर तपासायचं असेल तर आमच्यासमोर बसा, आमच्या बोलीत सांगा, आमचा नकार ऐकायची तयारी ठेवून सांगा. तसं सांगणार असाल तर मी स्वतः बायकांना आत घेऊन येईन. नसाल सांगणार, तर जिथं जिथं तंबू ठोकाल तिथं दारात मी असेन, आणि माझ्या अंगावरून गेल्याशिवाय तुम्हाला टोचायला एकही दंड मिळणार नाही.