रजा मिळेल म्हणणारी ताई

रजईला खोळ चढवणं हे एकटीचं काम नाही. दोन कोपरे मी धरले होते, दोन माझ्या नणंदेने, आणि रजई निम्मी आत गेली होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने हातातले कोपरे तसेच सोडून दिले. अजगराने बकरी गिळायला घ्यावी आणि मध्येच त्याचा विचार बदलावा, तशी ती खोळ माझ्या हातात लोंबत राहिली.

फोन प्रशिक्षण केंद्रातून होता. नणंद फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावते, कारण लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं काढल्यावर तिचा एक कान कामातून गेला आहे. त्यामुळे तिचे सगळे फोन घरभर ऐकू जातात.

"हवालदार मॅडम, तुमची ती शिवणवाल्या बाईंची मुलगी सामान बांधून बसलीय." बोलणारे उस्ताद होते, म्हणजे नव्या मुलींना कवायत शिकवणारे. "घरी जाते म्हणते. तुम्ही आणलीत, तुम्हीच समजवा. पोरगी चांगली आहे हो, धावण्यात पुढे असते. शपथेच्या आधी गेली तर कोणी अडवणार नाही, पण गेलेलीला परत घेत नाहीत."

"का जाते म्हणते?"

"म्हणते, ताईंनी रजा मिळेल म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, कोण ताई? इथे कोणी कोणाची ताई नसते."

नणंद पलंगाच्या कडेला टेकली. "संध्याकाळी तिला फोन द्या," एवढंच म्हणाली.

आमच्या घरात हिला सगळे जनरल म्हणतात. पद हवालदाराचं, पण रुबाब बघावा. आमच्या यांची ही सगळ्यात धाकटी बहीण. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "वहिनी, मला इंजिनाचा आवाज कळतो, माणसाचा नाही कळत." कोणत्या गाडीला काय झालंय ते ही बॉनेट न उघडता सांगायची. अशा बाईला उचलून भरती कार्यालयात बसवलं, कारण मुलींना आणायला मुलगीच हवी, असा वरून हुकूम आला. तात्पुरती बदली म्हणाले होते. त्या तात्पुरत्याला आता केस पांढरे व्हायला लागलेत.

कार्यालय म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या वरची एक खोली. दोन टेबलं, भिंतीवर दुर्बीण घेऊन हसणाऱ्या मुलीचं चित्र, आणि एक गुबगुबीत खुर्ची. ती खुर्ची मुलीसाठी नाही, मुलीच्या आईसाठी. मुलीला साधं स्टूल. तिथल्या साहेबांचं म्हणणं, मुलगी ठरवून आलेलीच असते, आईला बसतं करायला हवं. दुसरी शिकवण अशी की टेबलावर 'नाही' म्हणायचं नाही. "घरी 'नाही' ऐकूनच ती आपल्याकडे आलेली असते. आपणही तेच ऐकवायचं?" असं साहेब म्हणतात. काहीही विचारलं तरी म्हणायचं, त्याची सोय असते. शिकायचंय? सोय असते. केस कापायचे नाहीत? त्याचीही काहीतरी सोय असते. आणि ऑफिसात मॅडम असली तरी मुलींनी ताई म्हणायचं. मॅडमचं म्हणणं मुली पडताळून बघतात, ताईचं नाही.

पण नणंद नुसती गोड बोलून मुली पाठवत नसे, हे मी बघितलंय. निवड झालेल्या मुलींना ती रविवारी आमच्याच घरी बोलवायची. चादर इतकी ताणून कशी घालायची की नाणं टाकलं तर उडेल, हे त्या माझ्या पलंगावर शिकल्या. बुटांच्या नाड्या अंधारात बांधायच्या, ताटातलं मुकाट्याने आणि भराभर संपवायचं, कोणी तोंडावर ओरडलं तर त्याच्या कपाळाकडे बघायचं, डोळ्यांत नाही. "ओरडणं तुझ्यासाठी नसतं, तुझ्या गणवेशासाठी असतं," असं ही त्यांना सांगायची. तिने पाठवलेल्या मुली पहिल्या आठवड्यात रडत नाहीत, असं केंद्रातले लोकच म्हणतात.

शिवणवाल्या बाईंची मुलगी त्यांतलीच. बाई आमच्याच गल्लीत एका खोलीत राहतात आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवतात. घरात दुसरं कोणी नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, सुईत दोरा मुलगीच ओवून द्यायची. सुया ओवून मशीनवरच्या सुयांच्या छोट्या गादीला ओळीने टोचून ठेवायची आणि मग शाळेला जायची. त्या गुबगुबीत खुर्चीत बाई बसल्या तेव्हा मुलीने एकच प्रश्न विचारला होता, "ताई, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मला रजा मिळेल ना?"

आणि आमची जनरल म्हणाली, "मिळेल की. त्याची सोय असते."

सोय खरोखर असते. प्रशिक्षण संपल्यावर असते. प्रशिक्षण चालू असताना घरात कोणी मयत झालं तरच सोडतात, हे नणंदेला स्वतःच्या हाताच्या रेषांइतकं ठाऊक होतं. ऑपरेशनची तारीख लांब आहे, पुढचं पुढे बघू, असं तिला वाटलं असणार. तारीख अलीकडे आली. शपथेच्या बरोबर आदल्या दिवशी.

मी देवाचं करणारी बाई. खोटं बोलू नये हे मला शिकवावं लागत नाही. पण निम्मं खरं बोलून बाकीचं गिळणं कशात मोडतं, ते सांगायला मला शास्त्र उघडायची गरज वाटली नाही. मी तिला तोंडावर म्हटलं, "त्या पोरीच्या तोंडाला पानं पुसलीस तू."

"मला काय कमी पुसली होती?" ती उसळून म्हणाली. "माझ्या वेळचा भरतीवाला म्हणाला होता, तुला समुद्र दाखवतो. सगळी नोकरी वाळूत गेली. दात घासताना वाळू, झोपताना वाळू. मी तक्रार केली?"

"तू नाही केलीस म्हणून हिनेही करू नये होय?"

खोळ मी एकटीनेच झगडून घातली.

संध्याकाळी फोन आला. मुलगी एखाद्या ओसाड व्हरांड्यात उभी असावी, आवाज घुमत होता.

"ताई, इथे ओरडतात ते ठीक आहे. चादर, बूट, सगळं तुम्ही सांगितलं तसंच आहे. म्हणून तर मी रजेचंही खरं धरलं."

"रजा नाही मिळणार," नणंद म्हणाली. "तेव्हाही मिळणार नव्हती."

पलीकडून कोणाची तरी शिट्टी ऐकू आली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"नसतेच आले! ऑपरेशन झाल्यावर आले असते. पुढच्या भरतीला. एवढंच तर होतं!"

हे नणंदेच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. एवढी साधी गोष्ट, की पोरीला थोडं थांबवायचं आणि पुढच्या खेपेला पाठवायचं. पण महिन्याला इतक्या मुली द्यायच्या असतात, आणि पुढच्या खेपेची मुलगी या महिन्याच्या आकड्यात बसत नाही.

"आईला मी घेऊन जाते," नणंद म्हणाली. "नेते, आणते, औषध घालते. तू राहा किंवा ये, ते तू ठरव. मी समजवायला फोन नाही घेतला."

"तुम्ही नेणार म्हणजे खरंच नेणार? की त्याचीही सोय असते?"

आणि उत्तराची वाट न बघता मुलगीच पुढे म्हणाली, "ऑपरेशन झाल्यावर आईने स्वतः मला फोन करायचा. तुम्ही नाही, आईने. तो आला नाही तर मी शपथ घेणार नाही, निघून येणार." आणि फोन ठेवला.

नणंद तशीच चपला घालून बाईंकडे निघाली. मीही मागोमाग गेले, नाहीतर ही तिथेही काहीतरी कबूल करून आली असती. बाई मशीनवर वाकून बसल्या होत्या, नाक कापडाला टेकायचंच बाकी. सगळं ऐकून घेतलं आणि मशीन न थांबवता म्हणाल्या, "मुलीला घेऊन गेलात. आता मलाही न्यायला आलात होय? काय हो, माझी पण भरती चाललीय का?"

"बाई, माझं चुकलं."

"चुकलं ना? मग त्या सुईत दोरा ओवा आधी."

नणंदेने ओवला. इंजिनातला बारीकसा तुकडा काढणारे हात, पण दोन वेळा दोरा हुकला. बाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. "दुसरी पण ओवा," म्हणाल्या. मीही खाली बसून ओवायला लागले. निघताना गादी भरली होती, पण बाई 'या' म्हणाल्या नाहीत.

खरी गंमत पुढे. नणंदेने ऑपरेशनच्या दिवसाची रजा मागितली आणि साहेबांनी ती दिली नाही! त्याच दिवशी कॉलेजात भरतीचा मंडप होता. सगळ्या मुली एका जागी, आणि मुलींशी बोलणारी बाईच नाही म्हणजे काय?

"हवालदार, आपण भरती कार्यालय चालवतो की धर्मशाळा? असं एकेकीच्या आईला दवाखान्यात न्यायला लागलो तर झालंच!"

"मी शब्द दिलाय, साहेब."

"असा शब्द द्यायचाच कशाला?"

"ते तुम्हीच शिकवलंत."

हे सगळं ती घरी येऊन मला सांगत होती आणि सांगता सांगता थांबली. माझ्याकडे बघायला लागली. मला ते बघणं चांगलं ओळखता येतं.

"वहिनी, तू जाशील? नाहीतरी दुपारी तुझं काम आटपलेलं असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अस्सं! म्हणजे ही तुझी ती सोय! आत्ता कळलं मला. मुलींना रविवारी खायला कोण घालतं, वहिनी. पलंग कोणाचा, वहिनीचा. आता शब्द तू द्यायचा आणि डोळ्यांत थेंब मी घालायचे. आणि पोरीने कोणाचं नाव घेतलं होतं, माझं की तुझं?"

"तुझं नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग मीच जाते."

आमचे हे पेपर खाली न घेता म्हणाले, "साहेब वर्कशॉपला परत पाठवायची शिफारस करणार होते ना या महिन्यात?"

ही शिफारस म्हणजे तिचा जीव. वर्कशॉपच्या नुसत्या नावाने तिचा चेहरा उजळतो.

ती गेली. आजारी पडल्याचं निमित्त करावं असं मीच सुचवलं होतं, देव मला क्षमा करो. ती म्हणाली, "पुन्हा निम्मं खरं नको." साहेबांना सरळ सांगितलं की मी मंडपात येणार नाही, आणि बाईंचा हात धरून दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. बाईंच्या आधीच्या एका आजोबांना चक्कर आली, त्यात सगळ्यांचा नंबर मागे गेला. बाई दर थोड्या वेळाने विचारत, "फोन आहे ना जवळ? चार्ज आहे?" पट्टी बांधून बाहेर आल्या त्या फोनसाठी हात पुढे करूनच.

दवाखान्याच्या दारात उभ्या राहून त्या लेकीशी बोलल्या. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे नणंदेला सगळं ऐकू आलं. "झालं गं. नाही दुखत. जेवलीस का? बरं, घे मग शपथ." मुलीने ताईची चौकशी केली नाही. बाईंनीही फोन तिच्याकडे दिला नाही, बटण दाबायला तेवढा पुढे केला.

मुलीने शपथ घेतली. सगळे म्हणाले, झालं, गोड झालं. काय गोड झालं? शिफारस गेलीच नाही. साहेबांनी मंडपात आलेल्या मुलींचा हिशेब नणंदेच्या नावावर मांडला, तो कमीच निघणार होता, मुलींशी बोलणारी हजरच नव्हती ना! आणि परवाचीच गोष्ट. एक मुलगी आली, आईला त्या खुर्चीत बसवलं, आणि विचारलं, बहिणीच्या बाळंतपणाला रजा मिळेल का? नणंद म्हणाली, "प्रशिक्षणात नाही मिळणार. बाळंतपण होऊ दे, मग ये, मी इथेच आहे." मुलीने आईकडे बघितलं, आईने मुलीकडे. मग मुलगी आपलं स्टूल उचलून शेजारच्या टेबलापाशी गेली. तिथला नवा जवान आहे, त्याला सगळे साखरतोंड्या म्हणतात. त्याने हसून सांगितलं, "मिळेल की!" साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

"मी तिला ओरडून सांगायला हवं होतं का, वहिनी? की तो खोटं बोलतोय?"

"मग का नाही सांगितलंस?"

"तो खोटं बोलत नव्हता. मी जे बोलायचे तेच बोलत होता."

मी प्रार्थनेला बसले, पण सारखं ते स्टूल डोळ्यांसमोर येत होतं. कुठली कोण ती मुलगी, तिला चादर ताणायला कोणी शिकवलेलंही नसणार. नणंदेला म्हटलं, तिला रविवारी बोलाव. ती म्हणाली, दुसऱ्याच्या टेबलावरची मुलगी आपण बोलवू शकत नाही, तसा नियम आहे.

बाई अजून तिच्याशी कामापुरतंच बोलतात. नणंद सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी येताना त्यांच्या खोलीत जाते, त्या मुकाट्याने मान मागे करतात, ही थेंब घालते आणि सुया ओवून ठेवते. थेंबांची बाटली आज संपली. उद्या कार्यालयात जायच्या आधी तिला औषधाच्या दुकानातून नवी आणायची आहे.