गंगावन उतरल्यावर

लालबागच्या चाळीत दुर्गा परबची ट्रंक भरून तयार होती. नारळी पौर्णिमा झाली की कोकणच्या बोटी सुरू व्हायच्या. पहिल्या बोटीनं मालवण गाठायचं आणि परत यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. नवरा सीताराम मारत नव्हता, पीत नव्हता. बोलत नव्हता, एवढंच. आणि हाच माणूस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घसा फोडून घोषणा द्यायचा, गणपतीतल्या नाटकात केसांना गंगावन लावून बायकी पार्ट असा करायचा की अख्खी गल्ली डोळे पुसायची. घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप! आता अशा माणसाला काय म्हणावं?

परळच्या कामगार केंद्रात दुर्गा शिवण शिकायला जायची. तिथल्या आनंदीबाई दादरच्या, शिकलेल्या, माणसाला बोलतं करण्यात पटाईत. न पटणाऱ्या काही जोडप्यांना त्या रविवारी दुपारी एकत्र बसवत आणि घरातलाच एखादा प्रसंग करायला लावत. नवऱ्यानं बायको व्हायचं, बायकोनं नवरा. “सीतारामना सांग, नाटक आहे,” त्या दुर्गाला म्हणाल्या. तिनं तेवढंच सांगितलं.

सीताराम आला तो बगलेत गाठोडं मारून. लुगडं, गंगावन, पावडर, सगळं! तालीमच आहे असं वाटून गडी नटूनथटून उभा राहिला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुर्गाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रसंग होता जेवणाचा. सीताराम दुर्गा झाला आणि पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊ लागला. वाहवा झाली. दुर्गा मात्र भडकली. “मी खंय अशी रडतंय? मी वाढूचो डाव हातात घेवन उभी रवतंय!”

“मग तसंच करा, सीतारामराव,” आनंदीबाई म्हणाल्या. “आणि ते गंगावन काढा बघू.”

गंगावन उतरल्यावर हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना. दुर्गा भिंतीकडे तोंड करून बसली, तो बसतो तशी, आणि रिकाम्या ताटात जेवू लागली.

“कढी कशी झाली?” त्यानं विचारलं.

ती जेवत राहिली.

“कढी कशी झाली?”

तिनं ताटात हात धुतले, टोपी चढवल्यासारखं केलं आणि निघाली. सीताराम तसाच उभा राहिला.

“रोज असा?” हा आवाज बायकी नव्हता, त्याचा स्वतःचा होता.

“रोज,” दुर्गा म्हणाली, आणि इतकी वर्षं न रडलेली ती बाई सगळ्यांसमोर रडली.

त्या रात्री घरी जेवायला तिनं सोलांची कढी वाढली. सीतारामनं पाट फिरवून तिच्याकडे तोंड केलं, एक घोट घेतला. आता हा नाटकातलं काही बोलला तर डावच फेकून मारायचा, असं तिनं मनाशी ठरवलं.

“मीठ कमी आसा,” तो म्हणाला.

दुर्गानं डाव खाली ठेवला. मग तिनं मिठाची बरणी पुढे सरकवली. “घेवा.”

नारळी पौर्णिमा झाली, पहिली बोटही गेली. ट्रंकेतली लुगडी पुन्हा दांडीवर आली. आणि कढीत मीठ ती अधूनमधून मुद्दाम कमी घालू लागली.